जखमेचा दाखला

माहुलीच्या सुळक्यांपासून माळशेजच्या कड्यांपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके मुंबईकरास ठाऊक असतात ते तानसा आणि भातसा या जलाशयांचे पाणी आपल्या नळास येते म्हणून, किंवा पावसाळ्यात धबधबे पाहावयास जाता येते म्हणून. परंतु याच तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून, भातशेतीवर भागत नाही म्हणून असो वा गणवेशाच्या ओढीने असो, सैन्यात भरती झालेले, आणि पुढे सीमेवर, बर्फात, सुरुंगांच्या पट्ट्यात किंवा सरावाच्या मैदानावर आपल्या शरीराचा एखादा भाग गमावून परत आलेले जवान आहेत, आणि त्यांच्या उर्वरित आयुष्याचा बराच हिस्सा दवाखाना, बँक आणि कचेरी यांच्यामधल्या हेलपाट्यांत खर्ची पडतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखतात, कारण तेथे सैनिकी परंपरा घराघरांत आहे. अशा गावात पाय गमावलेला शिपाई परतला, तर त्याने कोणता अर्ज कोठे द्यावा, कोणता कागद हातचा सोडू नये, मुदत केव्हा संपते, हे त्याला पारावर बसल्या बसल्या कोणी निवृत्त सुभेदार सांगून जातो. मुरबाडच्या टोकावड्याकडे किंवा शहापूरच्या डोळखांबकडे परतणाऱ्या शिपायाच्या गावात असा सुभेदार बहुधा नसतो; पुढचा माजी सैनिक दोन डोंगर ओलांडून राहतो, आणि त्याची गाठ पडते ती कोणाच्या लग्नात किंवा म्हशाच्या यात्रेत.

या लेखाचे सारे प्रतिपादन त्या एकाकीपणाभोवती फिरते. अपंग सैनिकासाठी या देशात केलेल्या तरतुदी कमी नाहीत, आणि काही बाबतींत त्या उदारही आहेत; परंतु त्या ज्यांनी योजिल्या त्यांच्या नजरेसमोर छावणीच्या आसपास राहणारा, सोबत्यांच्या सल्ल्याने चालणारा, लष्करी रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेला निवृत्त सैनिक होता. जो या वर्तुळाच्या बाहेर, एकटा, डोंगराच्या पोटाशी राहतो, त्याला आपला कारकून, आपला वकील आणि आपला वैद्यकीय साक्षीदार स्वतःच व्हावे लागते.

जखमी सैनिकाचे ऋण राज्याने मानावे, ही कल्पना आपल्याकडे परक्यांनी आणलेली नाही. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी जखमींना जखमेचा मगदूर पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत द्रव्य दिले, कामी आलेल्यांच्या पुत्रांचे चालविले आणि निपुत्रिकांच्या स्त्रियांस निम्मे वेतन बांधून दिले, असे सभासदाने आपल्या बखरीत नोंदले आहे. पेशवाईच्या दफ्तरांत पडलेल्या शिपायाच्या मुलांना मिळणाऱ्या बालपरवेशीचे उल्लेख आढळतात. इंग्रजी अमदानीत पहिल्या महायुद्धाने या प्रश्नाचे परिमाणच बदलून टाकले. अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरी तंत्रशाळा निघाली, जी पुढे पुण्याजवळ खडकीस स्थिरावली, आणि १९१९ साली सैनिकांच्या कल्याणासाठी जे मंडळ स्थापन झाले त्याचेच आजचे रूप म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्ड. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, आणि त्या दिवशी शाळाशाळांतून गोळा होणारा निधी याच कामी खर्च व्हावयाचा असतो. पाठीच्या कण्याला इजा होऊन अर्धांग निकामी झालेल्या सैनिकांसाठी खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कार्य करीत आहे. या संस्थांपैकी इतक्या एकट्या पुणे परिसरात असाव्यात हे महाराष्ट्राचे भाग्यच; पण मुरबाडहून माळशेज चढून, आळेफाट्यावरून पुण्यास जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते भाग्य अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असते.

इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्यांनी जायबंदी झालेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, आणि भारताला अशा स्पर्धेत मिळालेले ते पहिले वैयक्तिक सुवर्ण होते. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. पदक आणि सन्मान यांच्यामध्ये ४६ वर्षे गेली. ज्याचा पराक्रम साऱ्या जगाने पाहिला त्याची ही कथा, तर ज्याचे दुखणे फक्त त्याच्या घरच्यांना दिसते त्याने किती वाट पाहावी, याचा अंदाज वाचकाने करावा.

आता मुख्य विषयाकडे वळू. सैनिकाच्या अपंगत्वाचा निकाल लागतो तो वैद्यकीय मंडळापुढे. सेवेस अपात्र ठरवून मुदतीपूर्वी घरी पाठवावयाचे असेल तेव्हा एक मंडळ बसते, मुदत पूर्ण करून निवृत्त होताना दुसरे. त्यातील दुसऱ्याची कार्यवाही एएफएमएसएफ-१६ या नमुन्यावर लिहिली जाते, आणि हा काही पानांचा कागद त्या माणसाच्या पुढील आयुष्याचा पाया ठरतो. त्या कागदावर दोन प्रश्नांची उत्तरे असतात. पहिला प्रश्न, हे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आले का, किंवा आधीच असलेला विकार सेवेमुळे बळावला का. दुसरा, ते किती टक्के. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही, आणि दुसऱ्याचे उत्तर वीस टक्क्यांच्या खाली आले तर निवृत्तिवेतनाचा अपंगत्वाबद्दलचा हिस्सा मिळत नाही. गावात परतलेला शिपाई बहुधा या कागदाकडे घरी जाण्याच्या घाईत पाहतो. त्याच्या मनात लेकरे असतात, आणि समोरच्या डॉक्टरने काय लिहिले याचा अर्थ लावण्याची ती वेळ त्याला वाटत नाही.

टक्क्यांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. एक सेवेचा आणि दुसरा अपंगत्वाचा. अपंगत्वाचा भाग शंभर टक्क्यांस शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के या दराने, आणि त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात ठरतो. समजा, एखाद्याचे शेवटचे वेतन ४०,००० रुपये होते. शंभर टक्के अपंगत्वास महिना १२,००० रुपये, आणि वीस टक्क्यांस निव्वळ प्रमाणाने २,४००. परंतु पाचव्या वेतन आयोगानंतर १९९६ पासून एक शिरस्ता आला, ज्यान्वये पन्नासच्या आतील अपंगत्व पन्नास धरावे, पन्नास ते पंचाहत्तर हे पंचाहत्तर आणि त्यावरचे शंभर; म्हणजे त्याच वीस टक्केवाल्यास ६,००० रुपये. हा लाभ प्रारंभी केवळ सेवेतून अपात्र ठरवून काढलेल्यांना मिळत असे. आपली मुदत पूर्ण करून, पण अपंगत्व घेऊन निवृत्त झालेल्यांना तो मिळावा की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो सर्वांना खुला केला. हा निकाल झाल्याचे ज्याच्या कानावरही आले नाही, असा निवृत्त शिपाई जुन्या दराने पैसे घेत बसला, तर त्याच्या घरी येऊन त्याला सांगणारे कोणी नसते.

टक्क्याइतकेच महत्त्व कारणाला असते. नियमांनी कारणांचे वर्ग पाडले आहेत; सेवेशी संबंध नसलेला आजार, सेवेमुळे आलेला आजार, कामावर असताना घडलेला अपघात, दहशतवाद्यांशी चकमक, आणि प्रत्यक्ष शत्रूची कारवाई. शेवटच्या दोन वर्गांतील जखमीला युद्धजखमेचे निवृत्तिवेतन मिळते. त्यात जखमेबद्दलचा हिस्सा शंभर टक्के अपंगत्वास वेतनाच्या ६० टक्के, म्हणजे साध्या दराच्या दुप्पट असतो, आणि त्या जखमेपायी सेवेतूनच दूर व्हावे लागले असेल तर त्याहूनही अधिक. एकाच तुकडीतील दोन शिपायांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. एकाचा शत्रूने पेरलेल्या सुरुंगावर आणि दुसऱ्याचा लष्करी वाहन दरीत कोसळून. दोघांची कुबडी सारखी, दोघांच्या शेतातला बांध सारखाच उंच, पण महिन्याची रक्कम निराळी. या भेदामागे तत्त्व आहे आणि ते मला सर्वस्वी चूक वाटत नाही. मात्र सेवेमुळे आलेले आजार हा जो मधला वर्ग, त्यात न्यायापेक्षा अंदाजच अधिक चालत आला आहे, असे माझे मत आहे. तोफखान्यात कान गेलेला, सियाचिनच्या थंडीत बोटे झडलेला, यांचे कारण डोळ्यांना दिसते. पण ज्याला अनेक वर्षांच्या सीमेवरील वास्तव्यानंतर झटके येऊ लागले, झोप उडाली, मन भ्रमिष्ट झाले, त्याच्या कागदावर 'प्रकृतिजन्य विकार, सेवेशी संबंध नाही' असे एक वाक्य लिहिले की प्रकरण मिटत असे.

ते मिटू नये अशी व्यवस्था २०१३ साली झाली. धरमवीर सिंग नावाचा सिग्नल दलातील जवान १९८५ साली भरती झाला, अपस्माराच्या झटक्यांमुळे १९९४ साली वीस टक्के अपंगत्वासह त्याला घरी पाठविण्यात आले, आणि विकार प्रकृतिजन्य म्हणून निवृत्तिवेतन नामंजूर झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खटल्यात असा दंडक घालून दिला, की भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर कोणत्याही विकाराची नोंद नव्हती तो माणूस निकोप होता असेच गृहीत धरावे, पुढे विकार जडला तर तो सेवेमुळे जडला असे मानावे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. संशयाचा फायदा शिपायाला मिळावा. हे वाचताना मला नेहमी वाटते, की खेड्यातून सुदृढ देहाने भरतीच्या रांगेत उभा राहिलेला, छाती फुगवून, धावून, उड्या मारून निवडला गेलेला मुलगा हाच या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा असतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले असून, त्या दिवसानंतर निवृत्त होणाऱ्यांना ते लागू आहेत. जुन्या निवृत्तांचे प्रकरण त्यांच्या काळच्या नियमांनीच पाहावयाचे असते, तेव्हा नव्या नियमांचे नाव ऐकून त्यांनी आपला अर्ज मागे घेण्याचे कारण नाही.

टोकावड्याच्या पुढे, रस्ता माळशेजकडे चढू लागण्याच्या थोडे अलीकडे, एका वाडीत राहणाऱ्या निवृत्त नाईकाच्या घरी एक काळी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात क्रमांक, नाव आणि पलटण लिहिलेली, रंगाचे पोपडे उडालेले. ती उघडतात त्या त्यांच्या पत्नी. आत खताच्या रिकाम्या पिशवीत, तिच्या आत प्लास्टिकच्या दुसऱ्या पिशवीत, डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ, वैद्यकीय मंडळाची प्रत, बँकेची जुनी पासबुके आणि आरोग्य योजनेचे कार्ड, अशी चळत ठरलेल्या क्रमाने लावलेली. बाईंचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण कोणता कागद कोणत्या कचेरीत दाखवावयाचा, कोणाची मूळ प्रत हातची सोडावयाची नाही, हे त्यांना तोंडपाठ. "ह्यांच्या पायाची काळजी डॉक्टर घेतील, दादा," त्या म्हणाल्या, "कागदांना मात्र मलाच जपायला लागतं." नाईक बाजूला भिंतीला टेकून बसले होते, गुडघ्याखालचा कृत्रिम पाय काढून शेजारी उभा ठेवलेला, आणि उरलेल्या भागावर ओल्या हवेने आलेले लाल चट्टे खोबरेल लावून निववीत होते. त्यांना बोलावयाचे होते ते पायाविषयी नव्हेच. डिस्चार्ज बुकात पत्नीचे नाव लग्नानंतर ठेवलेले, तेही पलटणीच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले, आधार कार्डावर माहेरचे, बँकेत तिसरेच. आपल्यामागे हिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावयाचे तेव्हा ही तीन नावांची बाई एकच आहे हे कोण सांगणार, हा त्यांचा घोर होता. या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र व जोडीचे दाखले जोडून पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे दरखास्त करावी लागते, आणि ती कार्यालये असतात बेळगाव, सागर, सिकंदराबाद, बंगळूर अशा दूरदूरच्या शहरांत, ज्याची जशी पलटण तसे. पती हयात असताना, त्याच्या सहीने हे काम होणे आणि त्याच्या पश्चात विधवेने ते करणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्याच्या घरी अशी ट्रंक आहे त्याने आज संध्याकाळीच ती उघडून नावे रुजवात करून पाहावीत, एवढी कळकळीची विनंती मला करावीशी वाटते.

पत्नीच्या या श्रमांना सरकारदरबारी एक नाव आहे. शंभर टक्के अपंगत्व असून ज्याला सतत कोणाच्या तरी मदतीची आवश्यकता आहे असे वैद्यकीय मंडळ म्हणते, त्याला परिचर भत्ता मिळतो; सातव्या वेतन आयोगानुसार तो महिना ६,७५० रुपये ठरला होता. मंडळाने तशी शिफारस लिहिलेली असावी लागते. ती लिहिली आहे की नाही हे पाहावे.

औषधोपचाराची व्यवस्था १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेकडे, म्हणजे ज्याला सारे ईसीएचएस म्हणतात तिच्याकडे आहे. तिचा क्रम असा, की आधी योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावयाचे. तेथील डॉक्टर तपासून औषध देतील किंवा गरज असल्यास योजनेत दाखल असलेल्या खासगी अथवा लष्करी रुग्णालयाकडे चिठ्ठी देतील. ती चिठ्ठी असली तर तेथे पैसे भरावे लागत नाहीत. व्यवस्था उत्तम आहे, आणि शहरात राहणाऱ्या अनेकांचे प्राण तिने वाचविले आहेत. पण पॉलिक्लिनिक कोठे उघडावे आणि ते किती मोठे असावे, हे त्या भागातील माजी सैनिकांच्या संख्येवर ठरते. जेथे सैनिक विरळ तेथे दवाखाना दूर. मुरबाडला रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही, वाडीतून एस.टी. किंवा जीपने मुरबाड, तेथून सुमारे तीस किलोमीटरवर कल्याण, मग लोकल, असा प्रवास एका पायाच्या माणसाने मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला करावा, ही अपेक्षा कागदावर जेवढी सोपी दिसते तेवढी गर्दीच्या डब्यात चढताना राहत नाही. शहापूरकराच्या वाट्याला आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही स्थानके तरी आली आहेत. कसाऱ्याच्या माणसाला उलट्या दिशेने, घाट चढून देवळालीच्या लष्करी रुग्णालयाची वाट धरणेही सोयीचे पडते, आणि हा पर्याय अनेकांना सुचत नाही म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो.

जे १ एप्रिल २००३ पूर्वी निवृत्त झाले त्यांना या योजनेत येणे ऐच्छिक होते. जो आला नाही त्याला महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. जो आला त्याचा भत्ता बंद होतो. दूरच्या दवाखान्यापेक्षा हातातले हजार रुपये बरे, असा हिशेब खेड्यातला माणूस सहज करतो, आणि सर्दी-खोकल्यापुरता तो हिशेब बरोबरही असतो. पण हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा विकार किंवा कर्करोग समोर उभा राहिला म्हणजे त्या हजारांनी काही होत नाही. युद्धात अपंग झालेल्यांना योजनेची वर्गणी माफ आहे, तसेच १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांनाही. ही माफी माहीत नसल्याने वर्गणीच्या भीतीने बाहेर राहिलेला माणूस मला सर्वांत दुर्दैवी वाटतो.

आणीबाणीत नियम सैल आहे. साप चावला, छातीत कळ आली, तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात दाखल व्हावे. योजनेत नसलेल्या खासगी रुग्णालयात दाखल झाले असल्यास ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे, म्हणजे पुढे खर्चाची मागणी करता येते. भातकापणीच्या दिवसांत सर्पदंशाने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांत कधी एखादा माजी सैनिक असतो, त्याला पुढे शहरातल्या खासगी रुग्णालयात हलवितात, आणि त्या गडबडीत घरातला मुलगा १०८ ची गाडी, रक्त, पैसे यांच्यामागे धावत असतो. ४८ तासांची गोष्ट त्याला आठवते ती बिल हातात पडल्यावर. पॉलिक्लिनिकचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा, एवढी दक्षता पुरेशी आहे.

कृत्रिम पायाविषयी दोन शब्द अधिक. पुण्याच्या केंद्रात बनणारा पाय कुशल हातांनी, माप घेऊन, चालण्याचा सराव देऊन बसविला जातो. पण आषाढात आवणीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरणे, बांधावरून तोल सांभाळीत जाणे, उकिडवे बसून रोप उपटणे, ही कामे कोणत्याही पायाची कसोटी पाहतात. उरलेल्या पायाचा आकार वर्षांगणिक बदलतो, मांस झडते, खोबणी सैल होते, आणि सैल खोबणीने कातडी सोलवटते. म्हणून पाय ठरावीक काळाने तपासून, दुरुस्त करून वा बदलून घ्यावयाचा असतो. खेड्यातला जवान तो फुटेपर्यंत वापरतो, चिंध्या कोंबून खोबणी घट्ट करतो, आणि जखम चिघळली म्हणजे पुण्याची वाट धरतो. मधुमेह असेल तर ही दिरंगाई उरलेल्या पायावरही बेतू शकते.

ट्रंकेतल्या कागदांत आणखी एका दाखल्याची भर पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील लाभांसाठी लष्करी मंडळाचा टक्का चालत नाही. नागरी रुग्णालयाच्या मंडळाने दिलेले प्रमाणपत्र आणि त्यावरून मिळणारे ओळखपत्र निराळे घ्यावे लागते, आणि तेथे किमान मर्यादा वीसची नसून चाळीस टक्क्यांची आहे. पाय गमावलेल्याला ते मिळण्यास अडचण नसते. ते मिळाले की एस.टी.च्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत मिळते, आणि ज्याला दवाखान्यासाठी सतत प्रवास करावयाचा आहे त्याला ती लहान गोष्ट नव्हे. महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांना २०२० साली दिलेली घरपट्टीची माफीही ग्रामपंचायतीत अर्ज केल्यावाचून लागू होत नाही.

निवृत्तिवेतन आता 'स्पर्श' नावाच्या संगणकीय प्रणालीतून, प्रयागराजच्या लेखा कार्यालयाच्या देखरेखीखाली येते. वर्षातून एकदा, बहुतेकांच्या बाबतीत नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास वेतन थांबते. नांगर धरून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, किंवा हिमदंशाने बोटेच गेलेल्या माणसाचा ठसा यंत्र घेत नाही. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय फोनवर झाली आहे, गावच्या सेवा केंद्रातील मुलाला ती विचारावी. जुनी प्रकरणे या प्रणालीत चढविताना नावे, जन्मतारखा, अपंगत्वाचे टक्के यांत चुका राहिल्या असतील तर त्या प्रत्येकाने आपल्या पीपीओशी ताडून पाहाव्यात.

आणि नामंजुरी आली तर? पहिले अपील सहा महिन्यांच्या आत, तेही फेटाळले गेले तर दुसरे. आणि त्यापुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, जे २००७ च्या कायद्याने निर्माण झाले, २००९ पासून चालू आहे, आणि ज्याचे एक पीठ मुंबईत बसते. मुदत टळून गेली म्हणून हताश होण्याचे कारण नाही, कारण निवृत्तिवेतनाचा अन्याय दर महिन्याला नव्याने होत राहतो असे न्यायालयाने मानले आहे. तरसेम सिंग १९८३ साली सेवेतून अपात्र ठरून बाहेर पडला, १९९९ साली न्यायालयात गेला, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क कायम ठेवून मागील थकबाकी मात्र दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. म्हणजे उशिरा जाणाऱ्याचा हक्क बुडत नाही, पण त्या तीन वर्षांपलीकडचे उशिराचे प्रत्येक वर्ष कायमचे जाते.

ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे या सर्व कामांचे प्रवेशद्वार. तेथील कल्याण संघटक हे बहुधा स्वतः माजी सैनिक असतात आणि अर्ज कसा लिहावा हे त्यांना चांगले ठाऊक असते. माझे म्हणणे इतकेच, की त्यांनी महिन्यातून एक ठरलेला दिवस शहापूरच्या आणि एक मुरबाडच्या तहसील कचेरीत बसावे, तो दिवस बदलू नये, आणि त्याची दवंडी ग्रामपंचायतींमार्फत पोहोचावी. त्याच दिवशी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टराने तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात येऊन पुढच्या काळाची औषधे द्यावीत व चिठ्ठ्या लिहाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक गाडी, दोन माणसे आणि पंचांगासारखी पक्की तारीख एवढ्यावर ते होण्याजोगे आहे. माजी सैनिकांच्या तालुका संघटनांनीही शासनाकडे सत्कार आणि स्मारके मागण्याआधी ही तारीख मागावी.

शेवटी, ज्या घरात जखमी सैनिक वृद्ध झाला आहे त्या घरासाठी एक गोष्ट. सेवेमुळे आलेल्या ज्या विकारासाठी त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळत होते, त्याच विकाराने त्याचा मृत्यू ओढवला असेल, तर नियमांत बसल्यास पत्नीला साध्या कुटुंब निवृत्तिवेतनाऐवजी अधिक दराचे विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पण त्याचा आधार असतो मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला. खेड्यात तो दाखला लिहिणाऱ्या डॉक्टराला मृत माणूस सैनिक होता, त्याची जखम कोणती होती, हे ठाऊक नसते, आणि तो 'हृदयक्रिया बंद पडून' एवढेच लिहून मोकळा होतो. घरच्यांनी त्या डॉक्टरला वैद्यकीय मंडळाची जुनी प्रत दाखवावी, मूळ विकाराचे नाव खरोखरच कारण असेल तर ते दाखल्यात लिहून घ्यावे, आणि त्या दाखल्याच्या प्रती काढून ट्रंकेत ठेवाव्यात.